माही मरातब: महिना नव्हे, मासा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. आजोबांनी जुन्या मोडी कागदांवरून देवनागरीत उतरवलेल्या वहीत एक ओळ आहे, की पूर्वज शिंद्यांच्या फौजेत होते आणि त्यांच्याकडे 'नौबत व माही मरातब' होता. काका म्हणतात माही म्हणजे महिन्याचा, तेव्हा हा दरमहा मिळणारा तनखा. चुलतभावाला कुठल्याशा इंग्रजी पुस्तकात 'ऑर्डर ऑफ द फिश' सापडलं, आणि आता त्याला घराण्याचं कुळचिन्ह करून त्यात मासा घालायचा आहे. तुम्ही विचारताय, दोघांत बरोबर कोण.

शब्दापुरता तुमचा भाऊ बरोबर आहे: माही म्हणजे मासा, आणि माही मरातब म्हणजे हत्तीवरून मिरवायचं मत्स्यनिशाण, मोगल दरबारचा मोठा मान. पण घरात वाद शब्दाच्या अर्थावर चाललाय आणि अडचण दुसरीकडेच आहे. तो मान तुमच्या पूर्वजांना मिळाला, की तो मान ज्या हत्तीवरून मिरवला जाई त्या हत्तीसोबत तुमचे पूर्वज चालत होते, हे त्या एका ओळीवरून ठरत नाही. त्यावर पुढे येतोच.

काकांना हसू नका. मी मोडी वाचायला लागून सत्तावीस वर्षं झाली आणि सुरुवातीच्या काळात हीच चूक मी छापील स्वरूपात करून बसलोय. एका घराण्याचा इतिहास लिहून देताना मी 'माही' वाचून बेधडक 'मासिक नेमणूक' लिहिलं. पुस्तिका वाटून झाली. मग एका फारसी जाणणाऱ्या वृद्ध गुरुजींनी ती वाचली आणि मला बोलावून एकच विचारलं, 'अहो, नेमणूक महिन्याची, तर मग ती हत्तीवर कशाला चढवलीत?' पुढच्याच ओळीत हत्ती होता. मी ती ओळ वाचली होती, पण तिचा मागच्या शब्दाशी संबंध लावला नव्हता.

गोंधळ का होतो ते पाहा. फारसीत 'माह' म्हणजे चंद्र आणि त्यावरून महिना. आपल्या सरकारी कागदांतलं 'माहे जानेवारी', शाळेतली सहामाही, बँकेची तिमाही हे सगळं तिथलं. 'माही' म्हणजे मात्र मासा. दोन वेगळे शब्द, पण आपल्या कानाला सहामाहीची सवय आहे. त्यात मोडीची तऱ्हा अशी की लिहिणारा आधी कागदभर शिरोरेघ ओढतो आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लटकवत जातो. शब्द कुठे संपला ते दिसत नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. 'माहीमरातब' एका दमात लिहिलेलं असतं आणि ते फोडायची जबाबदारी वाचणाऱ्याची.

ती मी अशी पार पाडतो. शब्दाच्या आजूबाजूला रुपये, आकडा, 'दर' किंवा 'बाबत' असेल तर महिन्याकडे झुकायचं. आजूबाजूला हत्ती, नौबत, निशाण, पालखी, नालकी (उघडी पालखी), मोर्चेल (मोरपिसांचा झुबका) यांपैकी काही असेल तर मासा. तुमच्या ओळीत 'नौबत व' असं आहे. नौबत हा वाजवण्याचा मान, तो पैशांच्या हिशेबात बसत नाही. म्हणून तुमच्याकडे मासाच आहे, याबद्दल मला शंका नाही.

आता 'मरातब'. हा शब्द तुम्ही रोज वापरता, फक्त जोडीने: मानमरातब. मूळ अरबी 'मर्तबा' म्हणजे पायरी, दर्जा, आणि त्याचं अनेकवचन 'मरातिब'. याच मुळातून हिंदी सिनेमातला रुतबा येतो आणि याच मुळातून आपला 'शिक्कामोर्तब'ही. 'मुरत्तब' म्हणजे रीतसर लावलेलं, पुरं केलेलं. पत्राच्या शेवटी 'मोर्तब सूद' असं येतं, ते फारसी 'मुरत्तब शुद', म्हणजे मोर्तब झालं. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा उमटलेली दिसते, ती मोर्तब. लिहिण्याची हद्द इथे संपली, याखाली कोणी काही घुसडायचं नाही, हा तिचा उपयोग.

पूर्ण फारसी नाव 'माही ओ मरातिब'. मधला 'ओ' म्हणजे 'आणि'. मासा आणि दर्जाची इतर चिन्हं, असा तो गट आहे. मराठीत येताना 'ओ' गळाला, अनेकवचनाचं एकवचन झालं, आणि 'माशाचा मरातब' असा षष्ठी तत्पुरुष असल्यासारखा तो वाचला जाऊ लागला. त्यामुळे लोकांना वाटतं की एकच मासा होता. प्रत्यक्षात माशाच्या बरोबरीने मुलामा दिलेले गोळे किंवा इतर चिन्हं लांब काठ्यांवर असत. मोगल बादशहाच्या स्वतःच्या स्वारीत तर पंजा, तराजू, सूर्य, अजगराची तोंडं अशी चिन्हंही पुढे चालत. मासा त्या घोळक्यातला एक, पण नाव त्याच्यावरून पडलं.

वस्तू कशी असे हे डोळ्यांसमोर आणलं तर बराच गैरसमज जातो. मी पाहिलेल्या एका नमुन्यात फक्त डोकं धातूचं होतं. तांब्यावर सोन्याचा मुलामा, जबडा उघडा, डोळे वटारलेले, कल्ल्यांच्या जागी ठोकून काढलेली खवल्यांची नक्षी. गळ्यापाशी कड्याला बारीक भोकांची रांग, आणि त्या भोकांत जरीच्या कापडाचे विरलेले धागे अजून अडकलेले. म्हणजे माशाचं अंग कापडाचं. हत्ती चालायला लागला की उघड्या जबड्यातून वारा आत शिरून ते कापड फुगत असणार आणि मासा हवेत पोहत असणार. हे शेवटचं माझं अनुमान, पण त्या भोकांचा दुसरा उपयोग मला सुचत नाही. तेव्हा लक्षात ठेवा, ही छातीवर लावायची बिल्ल्यासारखी वस्तू नव्हती. ती काठीवर, काठी हत्तीवर, आणि हत्ती स्वारीच्या पुढे.

मासाच का, याची एक जुनी गोष्ट स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने नोंदवून ठेवली आहे. इराणचा राजा खुस्रो परवेझ तख्तावर बसला तेव्हा चंद्र मीन राशीत होता, म्हणून त्याने हे चिन्ह घेतलं, अशी. चंद्र 'माह' आणि मासा 'माही' हा शब्दांचा खेळ त्यात इतका नेमका बसतो की मला ती गोष्ट मागाहून जुळवलेली वाटते. ऐकायला छान आहे. घराण्याच्या इतिहासात घालायची तर 'असे सांगतात' हे दोन शब्द पुढे ठेवून घाला.

मराठ्यांशी याचा संबंध कुठे येतो, तर मुख्यतः महादजी शिंद्यांपाशी. १७८४ मध्ये बादशहा शाह आलमने पेशव्यांना वकील-इ-मुतलक, म्हणजे सर्वाधिकारी प्रतिनिधी नेमलं आणि महादजींना त्यांचे नायब. १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने त्याच बादशहाचे डोळे काढले, महादजींच्या फौजांनी बादशहाला पुन्हा गादीवर बसवलं. मग जून १७९२ मध्ये महादजी पुण्याला आले आणि सवाई माधवरावांना बादशाही फर्मान आणि मानचिन्हं देण्याचा मोठा सोहळा झाला. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे. खास तंबू उभारले, बादशहाचं म्हणून एक रिकामं तख्त मांडलं, त्यावर फर्मान ठेवलं. पेशव्यांनी तीन वेळा मुजरा करून १०१ मोहरा नजर केल्या आणि तख्ताच्या डाव्या बाजूला बसले.

त्या वेळी काय काय दिलं याची यादी ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने लिहिलेल्या मराठ्यांच्या १८२६ च्या इतिहासात आहे: नऊ वस्त्रं, पाच जवाहीर, ढाल-तलवार, शिक्का, शिक्क्याची पेटी आणि दौत, मोरपिसांची दोन मोर्चेलं, नालकी, पालखी, घोडा, हत्ती. आणि शिवाय सहा हत्ती, ज्यांवर बादशाही निशाण, दोन चंद्रकोरी, दोन तारे, आणि मासा व सूर्य यांची चिन्हं. सहा हत्तींच्या त्या रांगेतला मासा म्हणजे माही मरातब. तुमच्या भावाला सापडलेलं 'ऑर्डर ऑफ द फिश' हेही इंग्रजांनी त्याला दिलेलं नाव.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात घ्या. मासा एकटा येत नाही. तो नेहमी लवाजम्याच्या मधोमध येतो, मागेपुढे नालकी, मोर्चेल, नौबत घेऊन. म्हणून कुठल्याही कागदात माही मरातब दिसला की मी यादी शोधतो. यादी नसेल तर सावध होतो.

आता तुमच्या कागदाकडे. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि वही पाहिल्याशिवाय मी छातीठोक सांगणार नाही. हा मान द्यायचा अधिकार बादशहाचा, आणि तो मिळे फार वरच्या दर्जाच्या उमरावांना. हैदराबादेला निजामांच्या दरबारीही तो दिला जाई. शिंद्यांच्या फौजेतल्या पथक्याला (पथकाच्या म्होरक्याला) किंवा शिलेदाराला तो स्वतंत्रपणे मिळणं अवघड. अशक्य म्हणत नाही, पण तसं असेल तर त्यामागे फर्मान, सनद किंवा निदान पत्रात उल्लेख हवा.

म्हणून क्रियापद बघा. वहीत 'माही मरातब दिल्हा' किंवा 'बहाल केला' असेल तर पूर्वज हे मान घेणारे. 'माही मरातब समागमे' किंवा 'बरोबर' असेल तर ते त्या लवाजम्याच्या बंदोबस्ताला. तुम्ही 'होता' असं लिहिलंय. 'होता' सगळ्यात बेभरवशाचं. माझा अनुभव असा की नकलून घेणारा माणूस लांबलचक वाक्य आखडताना शेवटी 'होता' टाकून मोकळा होतो. आजोबांनी तसं केलं असेल तर त्यांचा दोष नाही, त्यांना घरातल्या लोकांसाठी सारांश हवा होता. पण सारांशात कर्ता हरवतो. 'त्यांजकडे होता' याचा अर्थ त्यांच्या मालकीचा होता असाही निघतो आणि त्यांच्या ताब्यात, सांभाळायला होता असाही.

आणि सांभाळायला असणं काही कमी नव्हे, हे घरात सांगा. निशाणाचा हत्ती कोणाच्याही हाती देत नसत. लढाईत निशाण पडलं की फौजेचे पाय उखडत. तिथे विश्वासाचा माणूस लागे.

दुसरं, सालाची नोंद शोधा. मोडी कागदात इसवी सन मिळणार नाही, अरबी शब्दांतलं सुहूर सन मिळेल. पुण्याच्या सोहळ्याच्या सुमाराचं साल 'सलास तिसैन मया व अलफ' असं दिसेल: तीन, नव्वद, शंभर आणि हजार, म्हणजे ११९३. त्यात ५९९ मिळवले की १७९२ येतं. सुहूर वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून जूननंतरचे महिने त्या इसवी सनात आणि जानेवारीनंतरचे पुढच्या सनात धरायचे. आजोबांनी असे शब्द निरर्थक समजून वगळले नसतील अशी आशा करतो. बरेच लोक वगळतात.

तिसरी गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण उद्या कोणीतरी विचारेल. वाड्याच्या दरवाजावर किंवा देवळाच्या खांबावर कोरलेला मासा हा पुरावा नाही. मासा शुभ म्हणून देशभर कोरला जातो. लखनौच्या दरवाजांवर माशांच्या जोड्या दिसतात, उत्तर प्रदेश सरकारच्या आजच्या बोधचिन्हातही धनुष्यबाणाखाली दोन मासे आहेत. त्या जोडमाशांचा संबंध लोक माही मरातबाशी लावतात, आणि नवाबाच्या मांडीत नदीतून मासा उडाला ही वेगळी कथाही सांगतात. आपल्या वाड्यावरचा मासा बहुधा सुताराच्या किंवा पाथरवटाच्या हौशीचा असतो.

भावाच्या इंग्रजी पुस्तकाकडे येतो, कारण त्यात एक विलक्षण योगायोग दडला आहे. ११ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती जनरल लेकने दिल्लीजवळ शिंद्यांच्या कवायती फौजेचा पराभव केला. त्याच आंधळ्या शाह आलमने मग लेकला किताब दिले आणि माही मरातबही दिला. पुण्याला सवाई माधवरावांसाठी महादजींनी आणलेला मान अकरा वर्षांनी महादजींच्या वारसाची फौज मोडणाऱ्याला मिळाला. लेक पुढे 'दिल्ली आणि लासवारीचा' बॅरन झाला आणि त्याने हा मासा आपल्या ढालचिन्हात घालून घेतला.

युरोपात ढालचिन्हाचं वर्णन ठरावीक साच्याच्या भाषेत करतात, इतकं नेमकं की ते वाचून कोणत्याही चिताऱ्याने तेच चित्र काढावं. लेकच्या वर्णनात आहे 'फिश ऑफ मोगल', उभ्या रेषेने दुभागलेला, अर्धा सोनेरी अर्धा हिरवा, आणि त्याच्यामागे फुलीसारखे आडवेतिडवे दोन दंड, ज्यांना 'गूग आणि उलम' म्हटलंय. उलम म्हणजे आपला 'अलम', निशाण. इंग्रजी चिन्हशास्त्राच्या जाड कोशांतून हे शब्द आजही बसलेले आहेत आणि ते वाचणाऱ्या बहुतेकांना तो मासा हत्तीवर फुगत जाई हे माहीत नसतं.

इथेच तुमच्या भावाची गल्लत होते आहे. लेकच्या हाती आल्यावर मासा ढालीवर चपटा झाला, त्याच्या नावाला चिकटला, वारसांकडे जाणारं चित्र झाला. आपल्याकडे तो तसा नव्हता. तो हुद्द्याबरोबर आणि देणाऱ्याच्या मर्जीबरोबर असे. 'ऑर्डर' म्हटलं की इंग्रजी वाचकाला सभासदांची यादी, नियम, गळ्यातली फीत आठवते. यातलं इथे काहीच नाही. तुम्हाला इंग्रजीत लिहायचंच असेल तर 'माही मरातब' तसंच ठेवा आणि पुढे एका वाक्यात सांगा, की हत्तीवरून मिरवायचं मत्स्यनिशाण, मोगल दरबारचा मोठा मान. ढालीवरची चिन्हं आपल्या संस्थानांना मोठ्या प्रमाणात मिळाली ती १८७७ च्या दिल्ली दरबारात, रॉबर्ट टेलर नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने आखलेल्या झेंड्यांवर. त्याआधीच्या मराठी घराण्यांच्या बाबतीत 'कोट ऑफ आर्म्स' शोधत बसणं म्हणजे वारकऱ्याच्या गळ्यात टाय शोधणं.

मग कुळचिन्ह करायचं की नाही? हौस म्हणून जरूर करा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पण त्यात मासा घालण्याआधी घरचं देवक काय ते विचारा. लग्नात मांडवाला जे बांधता, पंचपल्लव असेल, कळंब असेल, मोराचं पीस असेल, ती तुमच्या घराची खरी, अजून चालू असलेली खूण. शहाण्णव कुळींच्या याद्यांत गादी, निशाणाचा रंग, घोड्याचा रंग, देवक असे रकाने असतात. याद्या एकमेकींशी जुळत नाहीत हे खरं, पण तुमच्या घरात जे पाळतात ते तुम्हाला माहीत असतंच. माझ्याकडे असं काम आलं तर मी देवक मध्ये घेतो आणि मासा घालायचा तर काठीवर, बाजूला. ढालीच्या मध्यभागी घातलात तर जाणकार माणूस पहिला प्रश्न विचारेल तो फर्मानाचा.

आता तुमच्याकडून मला हवं ते सांगतो. त्या ओळीच्या आधीच्या पाच आणि नंतरच्या पाच ओळींचा फोटो काढा, नुसत्या त्या ओळीचा नको. वही सपाट ठेवा, उजेड खिडकीतून तिरपा येऊ द्या, फ्लॅश नको. आजोबांनी ज्यावरून उतरवलं ते मूळ मोडी कागद कुठे ट्रंकेत, देवघराच्या फळीवर, माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात असतील तर ते उलगडायची घाई करू नका. घड्या जुन्या असल्या की तिथेच फाटतात आणि नेमकं क्रियापद घडीवर येतं. मूळ कागद सापडला तर आधी तळाचा भाग पाहा. तिथे छोटा गोल किंवा लांबट शिक्का आणि 'मोर्तब सूद' असेल तर तो दरबारी कागद, आणि मग ती ओळ आपण दोघं मिळून पहिल्यापासून वाचू.